नेव्हिस दरीतला परतीचा चढ

"इथं सगळं हिरवंच आहे का गं?"

आईंनी हे विचारलं तेव्हा त्यांना पामर्स्टन नॉर्थला येऊन तीन आठवडे झाले होते. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वर्ध्याला शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला, आता निवृत्त. मुलाचा परदेशातला संसार बघायला पहिल्यांदाच आल्या होत्या. आम्ही त्यांना नदीकाठचा रस्ता दाखवला, डोंगरावरच्या पवनचक्क्या दाखवल्या, कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या छोट्या दुकानात, नेऊन आइस्क्रीम खाऊ घातलं. "डेअरी म्हणता अन् विकतात वर्तमानपत्रं," म्हणून त्या हसल्या. पण चौथ्या रविवारी त्यांनी सरळ सांगून टाकलं, "गायी, मेंढ्या, गवत. हिरवं पाहून पाहून डोळे शिणून राहिले माझे. उघडा डोंगर नाहीच का या देशात?"

प्रफुल्ल, माझा नवरा, याच प्रश्नाची वाट बघत असल्यासारखा उठला आणि नकाशा घेऊन आला. प्रफुल्ल इथे एका कंपनीत इंजिनियर आहे. आठवडाभर कॉम्प्युटरसमोर आणि शनिवारी मित्रांच्या फोर-बाय-फोरमध्ये, समुद्रकाठच्या वाळूत. गाडी चिखलात कशी रुतली आणि कशी काढली, हे ऐकल्याशिवाय आमच्याकडचा एकही पाहुणा आजवर जेवून उठलेला नाही. त्याने साउथ आयलंडच्या पोटात बोट ठेवलं. "सेंट्रल ओटागो. पाऊस जवळजवळ नाहीच. सोन्याच्या खाणींचं जुनं गाव, बॅनकबर्न. तिथून एक कच्चा रस्ता डोंगर ओलांडून नेव्हिस नावाच्या दरीत उतरतो. आई, तुझ्या पुस्तकातलं वाळवंट."

"अन् रस्त्याला कठडे?" आईंनी विचारलं.

"कठडे कशाला? मी आहे ना."

हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे. त्याने ही पोस्ट टाकण्याआधी वाचली आहे आणि म्हणाला, राहू दे.

तर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे इथल्या उन्हाळ्याच्या तोंडावर, आम्ही निघालो. पामर्स्टन नॉर्थहून क्राइस्टचर्चपर्यंत विमान, तिथून भाड्याची साधी गाडी. जाणाऱ्यांसाठी एक सूचना: भाड्याची गाडी नेव्हिसला न्यायचा विचारही करू नका. बहुतेक करारांत अशा रस्त्यांवर विमा चालत नाही, आणि ते अगदी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. प्रफुल्लचा जुना सहकारी ग्रेग आता क्रॉमवेलला राहतो. त्याच्याकडे एक जुनी, गिअरची, डिझेलवर चालणारी फोर-बाय-फोर आहे. ती तो एका दिवसासाठी देणार होता.

क्राइस्टचर्च ते क्रॉमवेल हा रस्ताच एक सहल आहे. वाटेत खाण्यापिण्यासाठी थांबत गेलं तर अख्खा दिवस धरा. निळे तलाव मागे पडले की लिंडिस पासचा घाट लागतो आणि तिथे हिरवा रंग संपतोच. दोन्ही बाजूंना नुसते पिवळ्या गवताचे डोंगर. झाड नाही, घर नाही. आईंनी काच खाली केली आणि वारा तोंडावर घेत म्हणाल्या, "हं. आता कसं!" आम्ही तिथे थांबून थर्मासमधला चहा प्यायलो आणि घरून आणलेले मेथीचे पराठे खाल्ले. आईंनी बोटाने हवेत रेषा काढून मला पर्जन्यछायेचा प्रदेश समजावून सांगितला. मी पुण्याची, शाळेत भूगोलात जेमतेम पास. पण त्या सांगत होत्या तेव्हा पश्चिमेकडचे बर्फाचे डोंगर ढग अडवून उभे आहेत, हे मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

क्रॉमवेलला मोटेल घेतलं. स्वयंपाकघर असलेली खोली मागा. बाहेर खायला फारसं काही नाही, आणि शाकाहारी असाल तर चिप्स आणि टोस्टवर दिवस काढावे लागतात. संध्याकाळी ग्रेग गाडी घेऊन आला. उंच, लालबुंद, उघड्या पायात जांडल्स, म्हणजे आपल्या स्लिपर. त्याने प्रफुल्लला लो रेंजचा, म्हणजे गाडी सावकाश पण जास्त ताकदीने चढवणाऱ्या गिअरचा, छोटा दांडा दाखवला आणि मीही शेजारी उभी राहून ऐकलं, कारण दुसरं काही करायला नव्हतं.

"चढावर आणि उतारावर लो रेंज, दुसरा गिअर," ग्रेग म्हणाला. "बाकी इंजिनला करू दे. आणि दरीत फोन लागत नाही. फक्त वर खिंडीत लागतो, डफर्स सॅडलला. तोसुद्धा मूड असेल तर."

"स्वीट अ‍ॅज," प्रफुल्ल म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत 'एकदम झकास'.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिझेलची टाकी भरून आम्ही बॅनकबर्नला गेलो. क्रॉमवेलहून तलावाच्या फाट्यावरचा पूल ओलांडला की आलंच. आता तिथे द्राक्षमळे आहेत, पण गावाबाहेर जुनी खणती तशीच पडली आहे. सोनं शोधणाऱ्यांनी पाण्याच्या जोरावर अख्खी टेकडी वाहून नेली आणि मागे उरले मातीचे उभे कडे, सुळके, बोळ. पायवाट सोपी आहे, तास-दीड तास पुरतो. पिवळ्या मातीवर जिकडेतिकडे जांभळ्या फुलांची बुटकी झुडपं होती, आणि पायाखाली आली की ओव्यासारखा वास सुटायचा. ते रानटी थाइम. खाणवाल्यांनीच आणून लावलं म्हणतात. आईंनी सुती साडी, स्पोर्ट्‌स शूज आणि वर प्रफुल्लचं मोठं जॅकेट घातलं होतं. चिमूटभर पाला चोळून त्या म्हणाल्या, "मसालेभातात टाकून पाहायला पाहिजे."

मग नेव्हिसचा रस्ता. सुरुवातीलाच पाटी आहे: हिवाळ्यात बंद, फक्त फोर-बाय-फोर. डांबर संपतं आणि रस्ता थेट डोंगरावर चढायला लागतो. एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. समोरून गाडी आली तर कोणी तरी मागे जायचं. आई पुढे डावीकडे बसल्या होत्या आणि वळण आलं की जॅकेटची कॉलर दाताखाली धरत होत्या. मी मागे, डोळे मिटून. प्रफुल्ल मात्र रंगात होता. "बघ, बघ, क्रॉमवेल केवढंसं दिसतंय!" खरंच दिसत होतं. निळ्या तलावाच्या कडेला सांडलेल्या दाण्यांसारखी घरं.

पाऊण तासाने खिंड आली. डफर्स सॅडल. या देशातला सगळ्यात उंच सार्वजनिक रस्ता इथून जातो असं सांगतात. वारा असा की दार उघडायला दोन हात लागले. काळ्या खडकांचे ढिगारे, पिंगट गवत, आणि पलीकडे खाली नेव्हिसची दरी, लांबलचक, कोरडी, मधून नदीची बारीक चकाकी. आईंच्या डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्याने की कशाने, कोण जाणे. "चाळीस वर्षं फळ्यावर काढलं मी हे," त्या म्हणाल्या.

उतरून दरीत पोचलो तेव्हा जेवायची वेळ झाली होती. तिथे कधी काळी गाव होतं. आता दगडी भिंतींचे तुकडे, नदीकाठी खणून टाकलेल्या गोट्यांच्या रांगा, थोडं पुढे छोटं कब्रस्तान. इथून पुढे दरीच्या वरच्या भागात नदीनाले पुन्हापुन्हा गाडीने ओलांडत गार्स्टनकडे निघता येतं. प्रफुल्लला ते करायचंच होतं. एका पडक्या घराशी चादर पसरून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. भिंतीलगत रानगुलाब फुलले होते आणि खाली थाइम. मधमाश्यांचा आवाज येत होता, पण उन्हाळ्यातल्या फुलांवर तो येणारच. पलीकडच्या कुंपणाशी कुणीतरी ठेवलेल्या मधमाश्यांच्या पांढऱ्या पेट्याही दिसत होत्या.

आई जेवून भिंतीपाशी गेल्या. दगड कसे रचलेत ते पाहत होत्या. मग "अगं बाई!" असा आवाज आला. जॅकेटच्या कॉलरमध्ये दोन मधमाश्या गेल्या होत्या. त्यांनी झटकल्या तर मानेवर दोन ठिकाणी चावल्या होत्या. मी नखाने काटे काढले, गार पाणी लावलं. आई म्हणाल्या, "एवढं काय त्यात," आणि आम्ही तिघंही हसलो.

मी डबे भरत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "केतकी, माझे तळहात खाजून राहिले गं."

मी पाहिलं तर हात लाल झाले होते. मग गळा. मग बघता बघता त्यांच्या गालांवर गांधी उठल्या आणि खालचा ओठ एका बाजूने फुगला. त्यांचा आवाज बदलला. घशात काहीतरी अडकल्यासारखा घोगरा झाला. "चक्कर येऊन राहिली," एवढं म्हणून त्या चादरीवर बसल्या आणि ओकल्या.

आम्हाला दोघांनाही काही कळेना. मधमाशी चावून सूज येते, एवढंच आमचं ज्ञान. पण त्या श्वास घेताना शिटीसारखा आवाज यायला लागला तेव्हा मी पर्स उपडी केली. मी खाजेवरची सेट्रिझिनची गोळी शोधली, माझ्या पर्समध्ये असते. त्यांच्या जिभेवर ठेवली तर गिळता येईना. तशीच बाहेर आली.

"पुढे जायचं की मागे?" मी विचारलं.

"मागे," प्रफुल्ल म्हणाला. "खिंडीत फोन लागेल." बरोबरच होतं ते. आम्ही आईंना मागच्या सीटवर आडवं केलं, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. त्याने गाडी वळवली आणि आम्ही सुटलो.

दरीच्या सपाट भागात तो ठीक चालवत होता. चढ लागला, पहिलं वळण झालं, दुसरं झालं. तेवढ्यात आईंचा हात सीटवरून खाली पडला. नुसता पडला, त्यात जीव नसल्यासारखा. प्रफुल्लने ते आरशात पाहिलं. गाडीने एक आचका दिला आणि बंद पडली.

"काय झालं?"

 हँडब्रेक ओढलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोर बघत.

"प्रफुल्ल, सुरू कर."

"माझे पाय थरथरतायत," तो म्हणाला. "क्लच दाबता येत नाहीये, केतकी. मला जमत नाहीये."

"दीर्घ श्वास घे आणि सुरू कर."

"आई गेली का?"

"नाही! श्वास चालू आहे. चालव!"

आणि माझा नवरा रडायला लागला. मोठ्याने, लहान मुलासारखा, कपाळ स्टिअरिंगवर ठेवून. आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. त्याचे वडील गेले तेव्हासुद्धा मी त्याला असं पाहिलं नव्हतं. मला जो धक्का बसला तो मी कसा सांगू? आईंचा चेहरा ओळखू येणार नाही इतका सुजलेला होता, खाली खोल दरी होती, आणि तरी त्या क्षणी माझ्या मनात फक्त एवढंच होतं की हा आमचा ड्रायव्हर आहे आणि हा संपला.

मी आईंचं डोकं जॅकेटवर टेकवलं, खाली उतरले, पुढचं दार उघडलं. "उतर."

"तुला नाही जमणार. गिअरची गाडी आहे. तू इथे कधी..."

"उतर खाली. ती मरेल आणि तू इथे बसून राहशील."

हे मी मराठीत, ओरडून म्हणाले. त्या दरीत ते किती लांब गेलं असेल. तो उतरला. मागे जाऊन बसला आणि आईला कुशीत घेतलं.

मी इथे आल्यापासून फक्त ऑटोमॅटिक गाडी चालवली आहे, तीही पामर्स्टन नॉर्थच्या पाटासारख्या सपाट रस्त्यांवर. सुपरमार्केट, मी काम करते ती लॅब आणि घर. पण शिकले होते पुण्यात, गिअरच्या गाडीवर, आणि शिकवणाऱ्या काकांनी चढावर हाफ-क्लच अक्षरशः रडवून घोटून घेतला होता. दुसरा गिअर, लो रेंज. पाय उचलला, इंजिनचा आवाज बदलला, हँडब्रेक सोडला. गाडी बोटभर मागे गेली आणि मग पुढे. त्या मागच्या बोटभराचं काही विचारू नका.

मी दरीकडे पाहिलं नाही. बॉनेट आणि त्याच्या पुढचा दहा हात रस्ता, एवढंच पाहत होते. एका वळणावर चाकाखालचे दगड घरंगळत गेले आणि त्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. मागून प्रफुल्लचं "आई, आई, डोळे उघड" चालू होतं. एके ठिकाणी रस्त्यात मेंढ्या. पंचवीस-तीस असतील, मालक नाही, कुत्रा नाही, शांतपणे उभ्या. मी हॉर्न दाबला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी हॉर्नवरचा हात काढलाच नाही आणि गाडी तशीच मुंगीच्या पावलांनी त्यांच्यात घातली. मेंढ्यांची अंगं दारांना घासत गेली. तेव्हा मी काय काय बोलले ते आईंना शुद्ध असती तर त्यांनी मला घरातून काढलं असतं, असं मला वाटत होतं.

खिंडीत पोचलो. फोनवर काहीच नाही. मी फोन डोक्यावर धरून वाऱ्यात पळत सुटले. एका खडकावर चढले तेव्हा सिग्नलची एक काडी दिसली. एक पाऊल डावीकडे टाकलं की ती जायची. मी तिथेच गुडघे टेकून बसले आणि १११, इथला आपत्कालीन नंबर, लावला.

फोनवर एक बाई होत्या. इतका शांत आवाज की मला त्यांचा राग आला. कुठे आहात, काय झालं, वय किती. मी "डफर्स सॅडल" हे माझ्या पुणेरी उच्चारात तीनदा सांगितलं. "हेलिकॉप्टर निघतंय," त्या म्हणाल्या. "तिला सपाट झोपवा, पाय उंच करा. आता मला तिचा श्वास ऐकायचाय. ती श्वास घेईल तेव्हा प्रत्येक वेळी मला 'नाऊ' म्हणा."

पण मी खडकावर, आणि आई गाडीत, पंधरा-वीस पावलं खाली. फोन हलवला तर कॉल तुटणार. मी ओरडले, "प्रफुल्ल! त्यांना खाली झोपव. पायांखाली डब्यांची पिशवी ठेव. श्वास घेतील तेव्हा ओरडून सांग!"

त्याने ऐकलं. चादर पसरली, आईंना झोपवलं, त्यांच्या नाकापाशी गाल नेला. मग त्याचा आवाज आला.

"आत्ता!"

"नाऊ," मी फोनमध्ये म्हणाले.

"आत्ता!"

"नाऊ."

किती वेळ हे चाललं मला माहीत नाही. बॅनकबर्नच्या बाजूने एक गाडी वर आली. वयस्कर गोरं जोडपं, मागे कुत्रा. "हेलिकॉप्टर येतंय," एवढं मी वरून ओरडून सांगितलं. बाईंनी आपला कोट काढून आईंवर घातला, तिच्या नवऱ्याने आपली गाडी लांब नेली आणि हेलिकॉप्टर उतरावं म्हणून मोकळी जागा साफ करायला लागला. प्रफुल्लचं लक्ष कुठेच नव्हतं. त्याचा गाल आईंच्या तोंडापाशी होता आणि तो फक्त तेवढाच शब्द म्हणत होता. रडणं थांबलं होतं. आवाज बसला होता, पण थांबत नव्हता.

आणि मग तो थांबला.

मी वाट पाहिली. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "आर यू देअर?" वारा वाहत होता. प्रफुल्ल तसाच वाकलेला. कोटवाल्या बाईंनी तोंडावर हात धरला. मी तेव्हा वर्ध्याचा विचार करत होते. वर्ध्याला कुणाला फोन करायचा, कसा सांगायचा, हा विचार. इतक्या लवकर माणूस इथपर्यंत पोचतो, याचा धक्का मला अजून आहे.

"आत्ता!" तो किंचाळला. "आत्ता, केतकी, आत्ता!"

"नाऊ!" मी म्हणाले. आणि त्या शांत बाईसुद्धा फोनवर म्हणाल्या, "ओह, गुड."

हेलिकॉप्टर आलं तेव्हा गवत सगळं झोपलं आणि चादर उडून गेली. एक तरुण पॅरामेडिक मुलगी धावत आली, आईंपाशी गुडघ्यांवर बसली आणि बेशुद्ध आईंना आधी म्हणाली, "किआ ओरा," म्हणजे इथला नमस्कार. मग साडीवरूनच मांडीत इंजेक्शन दिलं. ऑक्सिजन लावला. थोड्या वेळाने दुसरं दिलं. मी पाहत होते. राखाडी पडलेले ओठ आधी जांभळे झाले आणि मग, हळूहळू, माणसाचे. आईंनी डोळे किलकिले केले. हेलिकॉप्टरमध्ये आम्हाला जागा नव्हती. "डनेडिनच्या रुग्णालयात या," एवढं सांगून ते गेले.

मागे आम्ही दोघं. प्रफुल्ल चावीकडे बघत नव्हता. मीच गाडी खाली आणली, ग्रेगकडे दिली, भाड्याच्या गाडीत बसले आणि डनेडिनपर्यंत मीच चालवलं. एवढ्या लांबच्या रस्त्यात आम्ही पाच-सहा वाक्यं बोललो असू. त्यातलं एक त्याचं होतं. "तुला माझी लाज वाटली?"

"वाटली," मी म्हणाले. खोटं बोलायची ताकद उरली नव्हती.

रुग्णालयात आई बसून जेली खात होत्या. चेहरा अजून सुजलेला, पण आवाज परत आलेला. डॉक्टरांनी सांगितलं, ही तीव्र ॲलर्जी होती, अशा वेळी ॲड्रिनलिनच लागतं, नुसत्या गोळीने भागत नाही. पुढे जवळ ठेवायला पेनसारखी तयार इंजेक्शनं दिली. आईंना आरोग्यविमा काढूनच आणलं होतं म्हणून तो एक घोर कमी होता. आईवडिलांना बोलावणाऱ्यांनी हे अजिबात टाळू नये. आणि ज्यांना मधमाशी, गांधीलमाशी चावून पूर्वी कधी अंगभर गांधी उठल्या असतील, त्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना भेटावं. नेव्हिससाठी माझा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला हाच आहे, लो रेंजपेक्षाही.

नर्स आली तर आईंनी प्रफुल्लचा हात धरला आणि आपल्या शाळेतल्या इंग्रजीत तिला सांगितलं, "माय सन. ही ड्रोव्ह व्हेरी वेल. ही सेव्ह्‌ड मी."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

घरी आल्यावरही तेच. नागपूर, वर्धा, अमरावती, सगळीकडून फोन. "जय भीम" झालं की आई सुरू. "माझ्या लेकानं वाचवलं बाप्पा. असा रस्ता, इकडे डोंगर तिकडे दरी, पण पोरानं गाडी अशी पळवली!" मी स्वयंपाकघरात भाजी चिरत ऐकायचे. बेशुद्ध होत्या, त्यांना काय माहीत, अशी स्वतःची समजूत घालायचे. पण ज्याला माहीत होतं तो बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत बसलेला असायचा.  चिरलेली भाजी बारीक बारीक होत गेली.

एका रविवारी वसंतामामांचा फोन होता, आईंच्या मोठ्या भावाचा. आई सांगत होत्या आणि प्रफुल्ल उठून आला. त्याने आईंच्या हातातून फोन घेतला. "मामा, गाडी मी नाही चालवली. केतकीने चालवली. माझे हातपाय चालत नव्हते. मी रडत होतो." मग पलीकडचं ऐकत राहिला. "हो. खरंच. ती नसती तर आई नसती." फोन ठेवला आणि मागच्या अंगणात गेला.

मला वाटलं आई चकित होतील. त्या चिडल्या होत्या. "काहून सांगितलं त्यानं?"

"खरं होतं म्हणून," मी म्हणाले.

"खरं मला नाही माहीत का? डोळे उघडत नव्हते, कान चालू होते. लेक माझ्या कानाशी रडत होता. मग गाडी कोण चालवत होतं?" मग त्या म्हणाल्या, "मेंढ्यांना काय काय म्हणालीस तेही ऐकलं मी."

 "मग आई, असं का सांगत होतात सगळ्यांना? मला काय वाटलं असेल?"

"तुझं तुला माहीत होतं," आई म्हणाल्या. "तू काय केलंस ते तुला पक्कं माहीत होतं. त्याला त्याचं काय माहीत होतं? नुसतं बसून रडला, एवढंच. त्याला काहीतरी द्यायला नको?"

मला हे पटलं का? खरं सांगायचं तर अर्धंच. माझ्या वाटणीचं उचलून त्याला का द्यायचं, हा प्रश्न अजून मला रात्री छळतो. पण त्या दिवशी मी त्यांना एक सांगितलं, जे त्यांना माहीत नव्हतं, कारण तेव्हा त्यांचे कानही मिटले असावेत. खिंडीतलं. मी खडकावर होते आणि तो खाली, त्याचा गाल त्यांच्या तोंडाशी, आणि एकही श्वास त्याने चुकवला नाही. मधे एक लांबला तेव्हाही तो हलला नाही. आई ऐकत राहिल्या. मग पदराने डोळे पुसून अंगणात गेल्या. बराच वेळ दोघं वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये उभे होते. काय बोलले मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

प्रफुल्ल आता पाहुण्यांना चिखलाच्या गोष्टी सांगत नाही. मला त्या आठवतात, विचित्र वाटतं, पण आठवतात. डनेडिनच्या रस्त्यावर मी जे उत्तर दिलं ते मी परत घेतलेलं नाही. त्या वेळचं ते खरं होतं. आजचं खरं वेगळं आहे आणि तेही मी त्याला सांगितलं आहे. आठ वर्षांत मला वाटलं होतं की हा माणूस मला पाठ आहे. नाही. मीही स्वतःला पाठ नव्हते.

जाऊ नका असं मी म्हणणार नाही. जा. दरी सुंदर आहे, इतकी कोरडी आणि मोठी की बोलणं बंद होतं. टाकी भरून जा, कुणाला तरी सांगून जा, आणि गाडीतल्या किमान दोघांना ती गाडी चालवता येते ना, ते निघण्याआधी बघा.

आई गेल्या महिन्यात परत गेल्या. जायच्या आदल्या दिवशी त्यांच्या शाळेतल्या मैत्रिणीचा फोन होता. मी त्यांची बॅग भरत होते, बाहेरून आवाज येत होता. "सून चालवत होती गं गाडी, अन् लेक माझा श्वास मोजत होता. दोघं मिळून मला वर घेऊन गेले." मग आवाज थोडा चढला. "अगं, एक नाही, दोन हेलिकॉप्टरं आली होती!"

मी बॅगेची चेन लावली. दुरुस्ती करायला काही गेले नाही.